मिशीआडचा आवाज

त्या मुलीच्या आजोबांच्या मिश्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला इतका आनंद झाला की दारात चप्पल काढायचंही भान राहिलं नाही. पांढऱ्या, भरघोस, वरचा ओठ पार गिळून खालच्यावरही उतरलेल्या मिश्या. त्या माणसाचं तोंड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे बघून सांगता येणं शक्यच नव्हतं. माझ्या कामात असं तोंड मिळणं म्हणजे घबाड. पण ते का, हे कळायला माझं काम काय ते आधी सांगायला हवं.

हैदराबादच्या हिमायतनगरमध्ये एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं केंद्र आहे. दोन खोल्या, एक मोठा आरसा आणि कपाट उघडलं की अंगावर येणारी खेळणी. शाळेत जाणारी पण शाळेत मागे पडणारी मुलं आमच्याकडे येतात. कुणाला अक्षरं जुळत नाहीत, कुणाचं लक्ष टिकत नाही, कुणाला ऐकू कमी येतं. कान तपासणारे, मशीन बसवणारे लोक वेगळे. आमचं काम त्यांच्या पुढचं. कानात आलेलं मेंदूने धरून कसं ठेवायचं, मध्येच दुसरं काही आलं तर हातातलं सांडू कसं द्यायचं नाही, घाई कशी आवरायची, आधी काय आणि मग काय हे कसं लावायचं, याचा आम्ही सराव करून घेतो. कागदावर या सरावाला लांबलचक आणि भारदस्त नाव आहे. माझा नवरा म्हणतो, "तू मुलांना खेळायला लावतेस आणि स्वतः आरडाओरडा करतेस." दोन्ही खरं आहे. मला राग पटकन येतो, आनंद त्याहून पटकन येतो, आणि दोन्ही वेळा माझा आवाज खालच्या औषधवाल्याला ऐकू जातो.

ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा तिसरीत होती. जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं, लहानपणीच दोन्ही कानांना मशीन लागलेलं. आई पुण्याची, माधापूरच्या एका आयटी कंपनीत नोकरी करणारी. सासर हैदराबादचंच, निजामाच्या राज्यातलं जुनं मराठी शेतकरी घराणं, आता दिलसुखनगरमध्ये फ्लॅटमध्ये राहणारं. वडील महिन्यातले बरेच दिवस कंपनीच्या कामाने बाहेरगावी. त्यामुळे धावपळ सगळी आईची.

आईने बसल्या बसल्या मुद्दा सांगितला. शाळा म्हणते, मुलगी वर्गात सूचना पाळत नाही, वेगळं काहीतरी करत बसते. वार्षिक परीक्षेच्या आधी मुख्याध्यापिका एक तास वर्गात मागे बसून बघणार. शिक्षिकेने सांगितलेलं तिला स्वतःचं स्वतः ऐकून करता आलं तर ती याच वर्गाबरोबर चौथीत जाईल. नाही आलं तर शहराच्या दुसऱ्या टोकाला अशा मुलांची एक वेगळी शाळा आहे, तिकडे.

"ती शाळा वाईट नाही, मॅडम," आई इंग्रजीतच म्हणाली. "मी जाऊन बघून आले. पण हिला इथे एक मैत्रीण आहे. एकच आहे."

मुलगी आईच्या ओठांकडे बघत होती. ती लगेच माझ्याकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "माय फ्रेंड. सेम बेंच." आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात थोपटून तिने मला दाखवलं, इथे बसते ती. मी त्याच क्षणी तिच्या बाजूची झाले.

मी तिला समोर बसवून इंग्रजीत दहा प्रश्न विचारले असतील. एकूण एक उत्तर बरोबर! आईच्या चेहऱ्यावर आलेलं हसू मला अजून दिसतं. मग मी माझा बांबूचा हातपंखा उचलला, तोंडासमोर धरला आणि त्याच आवाजात विचारलं, "तुझ्या फ्रॉकचा रंग कोणता?" मुलगी पंख्याकडे बघत राहिली. मग आईकडे बघितलं. आईचे ओठ नकळत हलले. "ब्लू," मुलगी म्हणाली. मी आईला खुर्ची भिंतीकडे वळवायला सांगितली आणि पुन्हा विचारलं. या वेळी मुलीने नुसतीच मान हलवली. होकारार्थी, अगदी गोड.

म्हणजे ती ऐकत नव्हती, बघत होती. आणि बघण्यात इतकी तरबेज होती की घरात कुणाला पत्ताच लागला नव्हता. मशीन चांगलं होतं, आवाज आत पोचत होता. पण त्या आवाजावर विसंबायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. वर्गात शिक्षिका फळ्याकडे वळली की ही मैत्रिणीच्या हातांकडे बघायची. मैत्रिणीने वही काढली की ही वही काढणार. मैत्रिणीने चुकीची वही काढली की हीसुद्धा तीच. बिचारी!

मग आमचं काम सुरू झालं. मी पंख्याआडून बोलायची. प्राण्याचं नाव आलं तर टाळी, भाजीचं आलं तर हात मांडीवर गच्च. हा खेळ तिला फार आवडला. "कॅरट" म्हटलं की तिचे हात अर्ध्यात यायचे, मग ती ते ओढून खाली न्यायची आणि स्वतःवरच खूश होऊन हसायची. पण दोन-तीन गोष्टी एकत्र सांगितल्या की घोडं अडायचं. "आधी चमचा आण, मग लाल बटण, आणि बटण वाटीत टाक," म्हटलं की चमचा ऐकताच ती सुटायची. परत यायची ती चमचा घेऊन, विजयी मुद्रेने. बटण हवेत.

यावर उपाय आहे, आणि साधा आहे. ऐकलेलं आधी मोठ्याने परत म्हणायचं, मग उठायचं. तोंडाने म्हटलं की ते मेंदूत बसतं आणि हात त्याच्या मागून जातात. पण ही म्हणायलाच तयार नव्हती. मी लाख विनवण्या केल्या, गोष्टींचं आमिष दाखवलं, स्वतः माकडासारखी म्हणून दाखवली. ती ओठ मिटून मान हलवायची. हो म्हणायला मान, नाही म्हणायला मान, कळलं नाही तरी मान. महिना उलटला, दुसरा लागला. शाळेचा दिवस जवळ येऊ लागला तशी माझी चिडचिड वाढली. शेवटी मी आईला म्हटलं, मला तुमच्या घरी येऊ द्या, ही घरात कशी बोलते ते बघू द्या.

दिलसुखनगरच्या त्यांच्या गल्लीत कोचिंग क्लासच्या पाट्यांमधून वाट काढत मी पोचले, आणि दार उघडलं ते त्या मिश्यांनी. पंख्याची गरजच नाही, देवानेच लावून दिलाय! मी मोठ्याने म्हटलं, "नमस्कार काका! मी तुमच्या नातीची मॅडम. तुमच्याशी मला पुष्कळ बोलायचंय!"

आजोबांनी हात जोडले, डोळ्यांनी हसले, मग मिश्यांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली आणि आत नातीकडे बोट दाखवलं.

मी चक्रावले. मुलगी शाळेतून नुकतीच आली होती. आई तिला म्हणत होती, "कम. वॉश हँड्स. सिट. ईट." तिने कानांतली मशीन काढून एका डबीत ठेवली, कारण घाम लागून बिघडू नयेत म्हणून ती घरी आल्यावर काढायची असा नियम. आजोबा शेजारी येऊन बसले. पोटावर हात फिरवून त्यांनी विचारलं, भरलं का? तिने मान हलवली. तिने दोन बोटं चालवून काहीतरी सांगितलं, त्यांनी मान हलवली. मग तिने डबी उघडली, एक मशीन काढलं आणि आजोबांच्या कानाशी नेलं. ते हसले, मशीन हळूच तिच्या हातातून घेऊन डबीत ठेवलं आणि डबी आईकडे दिली. आजी-आजोबांशी मुलं काय काय खेळ करतात तसला एखादा असेल, असं मला वाटलं.

घरात एक मराठी शब्द नव्हता. आवाजच नव्हता खरं तर. आईने मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि कुजबुजत सांगितलं. मशीन बसवलं तेव्हा कुणीतरी बजावलं होतं, मुलीच्या डोक्यावर भाषांचं ओझं नको, शाळेची एकच भाषा ठेवा. मग घरात ठरलं. हिच्यासमोर फक्त इंग्रजी. मराठी बोलायचं ते या दाराआड, किंवा ती झोपल्यावर. आणि आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून नातीसमोर आजोबा बोलतच नव्हते. पाच वर्षं!

माझं डोकंच फिरलं. "अहो, पण मुलीला बोलणं हवंय, बोलणं! ढिगाने हवंय! तुम्ही तिला चार शब्दांवर ठेवलंय!" दार लोटलेलं असून माझा आवाज अख्ख्या जिन्यात गेला असणार.

आई ओट्याला टेकून उभी होती. "मॅडम," ती म्हणाली, "मी माझ्या मुलीला माझ्या भाषेत एकदा रागावलेसुद्धा नाहीये. तुम्हाला वाटतं मला हौस आहे?"

तिचं ते वाक्य ऐकून माझे डोळेच भरून आले. सांगितलेलं तंतोतंत पाळणारी माणसं ही. कुणी सांगितलं असतं की एका पायावर उभे राहा, तर हे सगळं घर एका पायावर उभं राहिलं असतं.

आजोबा मला सोडायला खाली आले. एक मजला उतरलो, वर कुणी नाही याची त्यांनी खात्री केली आणि धरण फुटावं तसे बोलायला लागले.

"बाई, माझी नात ऱ्हाईल ना त्या शाळेत? मला खरं सांगा. मला इंग्रजी येत न्हाई, मनून मी गप बसायलो. एखादा शब्द माझ्या तोंडून वाकडा गेला आन् लेकराचं नुकसान झालं तर? त्यापरीस गप बरं. तुम्हाला वाटंल मी मुका हाय. अवो, अफझलगंजात माझं दोरखंडाचं दुकान हाय, तिथं येऊन बघा. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो माझा. घरी आलो की कुलूप."

रिक्षा मिळेपर्यंत ते बोलतच होते. दोरखंड, सुतळी, पावसाळ्यातल्या ताडपत्र्या, नातीचे दुधाचे दात. असं रसाळ बोलणारा माणूस त्या घरात होता आणि त्या मुलीला तो मिळत नव्हता, या विचाराने मी घरी येईपर्यंत धुमसत होते.

त्याच आठवड्यात केंद्रातल्या झोपाळ्यासाठी दोर हवा होता. तो हिमायतनगरलाही मिळाला असता, पण मी अफझलगंजला गेले. आजोबा गादीवर बसले होते आणि त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडून ऐकू येत होता. दुकान अरुंद आणि खोल. माल मागच्या माळ्यावर, आणि माळ्यावर एक पिकल्या केसांचा तेलुगू गडी, बहुतेक वेळ गिऱ्हाइकांकडे पाठ करून. गिऱ्हाईक काय हवं ते सांगायचं, आजोबा पुकारायचे:

"दो सुतली मोटी, एक नायलॉन पीली, ताडपत्री छोटी!"

आणि माळ्यावरून, मागे वळूनही न बघता, उलट पुकार यायची: "दो सुतली मोटी, एक नायलॉन पीली, ताडपत्री छोटी!" मगच शिडी वाजायची. एकदा तो गडी पुकार न देताच हलला तर आजोबा ओरडले, "अरे, पहले बोलो, फिर चलो!"

मी गादीसमोर उभी राहून टाळ्या वाजवायला लागले! एक गिऱ्हाईक दचकून बाजूला सरकलं. तोंड न बघता ऐकायचं, ऐकलेलं परत म्हणायचं, मग करायचं. मी पंख्याआड दोन महिने जे घडवायला बघत होते, ते या दुकानात दिवसभर चालू होतं. वर मिश्याही होत्या!

"काका," मी म्हटलं, "नातीला इथे आणायचं. तुम्ही तिच्याशी बोलायचं. असंच, याच आवाजात."

त्यांचा चेहरा उतरला. "नको बाई. ठरलंय ते ठरलंय. माझ्यामुळं पोरगी मागं पडली तर मी सूनबाईला तोंड काय दाखवू?"

तोंड तसंही दिसत नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि आईला फोन लावला. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस आम्ही भांडलोच म्हणायला हरकत नाही. तिचा प्रश्न एकच, आणि रास्त. "नुकसान झालं तर?" मी तिला सांगितलं, मुलांना ज्या माणसांकडे बोलणं आहे त्यांच्याकडून बोलणं मिळावं लागतं, इंग्रजी शाळेत येतच राहील. होणार नाही नुकसान, असं माझं मत आहे. आणि गप्प बसून काय झालंय ते तर आपल्या दोघींच्या डोळ्यांसमोर आहे. शेवटी ती म्हणाली, "शाळेच्या दिवसापर्यंत करून बघू." त्या शनिवारी मशीनमध्ये नवे सेल तिनेच घातले.

तो शनिवार मी जन्मात विसरणार नाही. आम्ही तिघी दुकानाच्या पायरीवर पोचलो तेव्हा आजोबांचं लक्ष गिऱ्हाइकाकडे होतं. त्यांनी पोटातून पुकार टाकली, "तीन काथ्या, एक सुतली बारीक!"

मुलगी जागच्या जागी थांबली. हात कानाच्या मशीनवर गेला. तिने आधी गिऱ्हाइकाकडे बघितलं, मग माळ्याकडे, मग रस्त्याकडे. आवाज येतोय पण हलणारे ओठ कुठेच नाहीत! आजोबांनी पुन्हा पुकारलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मिश्या किंचित थरथरत होत्या. ती सरळ गादीवर चढली आणि त्यांच्या गळ्यावर तळहात ठेवला. आवाज कुठून येतो ते असं तपासायचं, हे ती माझ्याकडे शिकली होती. आजोबा एकदम गप्प झाले. त्यांनी सुनेकडे बघितलं. सुनेने मान हलवली.

"ये," आजोबा म्हणाले. "माझ्याजवळ बस, बाळा."

तळहाताखाली तो गळा हलला तशी ती ताडकन माझ्याकडे वळली आणि किंचाळली, "मिस! ग्रँडपा कॅन टॉक!"

मग तिने स्वतःच्या मशीनकडे बोट दाखवलं, आजोबांच्या रिकाम्या कानाकडे दाखवलं, आणि मोडक्या इंग्रजीत आम्हाला समजावून सांगितलं. तिला वाटत होतं आजोबा तिच्यासारखेच आहेत. फक्त त्यांना कुणी मशीन आणून दिलं नाही. म्हणून ती आपल्या दोन मशीनमधलं एक त्यांना देऊ बघायची. रोज.

तिची आई तिथेच गोणपाटांच्या गठ्ठ्यावर बसली. मी भिंतीकडे तोंड केलं. माळ्यावरचा गडी शिडीवर अर्ध्यात उभा राहून विचारत होता, "क्या हुआ, शेठ? क्या हुआ?" आणि शेठ नातीला मांडीवर घेऊन मराठीत काय काय बोलत सुटले होते. पाच वर्षांचं सगळं एका दमात. तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. ती हात गळ्यावरून काढायलाच तयार नव्हती.

त्यानंतर दुकान हीच आमची तिसरी खोली झाली. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दुसऱ्या खेपेला बाहेर मालाचा टेम्पो अडकला, हॉर्नचा कल्लोळ झाला आणि तिने मशीन काढून फेकली, रडली, आठवडाभर दुकानाचं नाव काढू देईना. मग आम्ही बाजार उघडायच्या आधी, सकाळी शटर अर्धं वर असताना जायला लागलो. आजोबा हळू पुकारायचे, ती आणखी हळू परत म्हणायची. माळ्यावरचा गडी कानामागे हात धरायचा. "नै सुना, पापा, जोर से बोलो!" तो तिच्या वयाच्या मुलींना पापा म्हणतो, तेलुगूत म्हणतात तसं. त्याने एवढं मनापासून बहिरेपणाचं सोंग घेतलं की मुलीला त्याची दया यायची आणि ती खरंच ओरडायची. पहिल्यांदा तीन वस्तूंची पुकार तिने सलग, क्रमाने परत दिली तेव्हा मी जी ओरडले, त्याने शेजारचा दुकानदार बघायला आला.

मध्ये एकदा माझा जीव टांगणीला लागला तो वेगळ्याच कारणाने. आईचा फोन आला, आनंदाने: "बाबा आता बोलतात ना, तर हिला त्यांचे ओठ दिसावेत म्हणून त्यांना मिश्या कापायला पाठवलंय." मी किंचाळलेच. आजोबांना फोन लावला, तो त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीत उचलला. गळ्याभोवती कापड बांधून झालं होतं. "काका, उठा! एक केस कापायचा नाही!" आजोबा म्हणाले, बाई, चाळीस वर्षांत माझ्या मिशीची इतकी काळजी कुणी केली न्हाई.

आणि तो दिवस उगवला. मला वर्गात मागे बसायची परवानगी मिळाली होती. आई गेटबाहेर थांबली. तिच्याशेजारी आजोबा होते, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी अफझलगंजातल्या त्यांच्या दुकानाला कुलूप होतं.

मी वर्गात शिरले आणि आधी तिचा बाक शोधला. मुख्याध्यापिकांनी त्या तासापुरतं मैत्रिणीला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. बघून करायची सोय नाही. मुलगी बाकावर एकटी, शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून. शिक्षिका फळ्यावर लिहिता लिहिता, पाठमोरीच म्हणाल्या, हिरवी वही काढा, तारीख घाला, आणि पुस्तक बाकाखाली ठेवा.

तिची मान दुसऱ्या रांगेकडे वळली. अर्ध्यात थांबली. परत सरळ झाली. मग ती उभी राहिली आणि अफझलगंजच्या आवाजात तिने शिक्षिकेचं इंग्रजी जसंच्या तसं वर्गाला पुकारून दाखवलं. हिरवी वही! तारीख! पुस्तक बाकाखाली!

वर्ग खो खो हसला. हसणं तिला ऐकू येवो न येवो, दिसतं फार चांगलं. तिचा चेहरा लाल झाला. मी बाकाची कड धरून ठेवली होती. ती खाली बसली, हिरवी वही काढली, तारीख घातली, पुस्तक बाकाखाली ठेवलं. क्रमाने, कुणाकडेही न बघता.

पुढची सूचना आली. मला वाटलं आता ती ओठ मिटणार, आता मान हलवणार. ती पुन्हा उभी राहिली. पुन्हा पुकारलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने! या वेळी हसणारे कमी होते. तिसऱ्या सूचनेला दुसऱ्या रांगेतून मैत्रिणीनेही तिच्याबरोबर पुकारायला सुरुवात केली. त्या सूचनेत एक मेख होती: धडा उघडा, लिहू नका, फक्त वाचा. तिने पुकारलं, सवयीने पेन्सिल उचलली, हवेत धरली, आणि ओढून खाली आणली. गाजराच्या वेळी हात आणायची अगदी तशी. मी टाळी वाजवली नाही. कशी नाही वाजवली ते माझं मला माहीत.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "पण ही दर वेळी अशी ओरडणार का?"

"आता ओरडेल," मी म्हटलं, "मग पुटपुटेल, मग मनात म्हणेल. तुम्ही-आम्ही मनात म्हणतोच की."

त्यांनी वर्गाकडे बघितलं. मैत्रीण कुणाला न विचारता आपलं दप्तर उचलून जुन्या बाकावर परत आली होती. "चौथीत याच वर्गात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आणि त्या दोघींना शेजारीच बसू दे."

मी धावतच गेटवर आले. मला सांगायचं होतं, पण माझा चेहरा बघूनच आईला कळलं आणि ती तिथे फुटपाथवर, सगळ्यांसमोर रडायला लागली. आजोबांचं तोंड काय म्हणत होतं ते मिश्यांनी दिसू दिलं नाही. डोळ्यांना धार लागली होती.

मुलगी बाहेर आली. ऊन चढलं होतं, आइसक्रीमची गाडी समोरच उभी होती. तिने आम्हा सगळ्यांकडे बघितलं, मैत्रिणीला हाताला धरून पुढे ओढलं आणि हुकूम सोडला, "आबा! एक पानी, चार आइसक्रीम! पानी पहले!"

आजोबांनी पाच वर्षांच्या सवयीने नुसतीच मान हलवली आणि गाडीकडे वळले.

तिने मागून त्यांचा सदरा पकडला. "नै, आबा. पहले बोलो, फिर चलो."

आजोबा थांबले. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, घसा खाकरला आणि शाळेच्या गेटसमोर, भर रस्त्यात पुकारलं, "एक पानी! चार आइसक्रीम! पानी पहले!"

"हौ," ती म्हणाली. "अब जाव."